बायबल वाचतो पण आनंद येत नाही, काय करू?

सलाम ब्रदर. तुमचा प्रश्न लांब आहे म्हणून आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही दरवर्षी एक जानेवारीला वर्षभरात बायबल वाचायचा प्लॅन सुरू करता आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकाला आलात की गाडी बंद पडते. वाचलं तरी आत काही हलत नाही, स्तोत्र १ मध्ये नियमशास्त्रात 'रमणारा' माणूस आहे आणि आपण घड्याळ बघत बसतो, मग आपला विश्वासच खोटा आहे का असं तुम्हाला वाटतं. त्यात नोकरी हिंजवडीला, सकाळी वेळ नाही. शिक्षण इंग्लिश मीडियमचं त्यामुळे पवित्र शास्त्राचं मराठी जड जातं. आणि मिसेस वसईच्या, कॅथलिक, तर दोघांनी मिळून वाचायचं कसं.

मी पाळक नाही. आमच्या चर्चमध्ये बरीच वर्षं वचन अभ्यासाचा ग्रुप घेते, त्यात कॉलेजची पोरंही असतात आणि वाचता न येणाऱ्या आज्याही, आणि तुमचा हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच, बहुतेक जण सगळे गेल्यावर हळूच थांबून विचारतात, जणू काही गुन्हा कबूल करतायत.

आधी विश्वास खोटा आहे का तेवढं बाजूला ठेवू. स्तोत्र ११९ काढा. वचनाच्या गोडीबद्दल अख्ख्या बायबलमध्ये याच्याएवढं कुणी बोललेलं नाही, १७६ वचनं, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं आठ आठ ओळींचे २२ भाग, आणि मधाहून गोड वगैरे सगळं त्यातच आहे. पण तोच माणूस २५ व्या वचनात म्हणतो माझा जीव धुळीला चिकटलाय, ८३ मध्ये म्हणतो मी धुरात टांगलेल्या कातडी बुधल्यासारखा झालोय, १३६ मध्ये डोळ्यातून पाण्याचे लोट, आणि एवढं सगळं गाऊन झाल्यावर शेवटचं १७६ वं वचन काय, तर मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलो, मला शोध. एवढा वचनवेडा माणूस शेवटी मला शोध म्हणतो तर तुम्ही घड्याळ बघितल्याचं एवढं काय घेऊन बसलात.

यिर्मयाचंही तसंच. यिर्मया १५:१६ सगळ्यांना पाठ असतं, तुझी वचनं मला मिळाली ती मी खाल्ली, ती माझा आनंद झाली. सुवर्णवचन म्हणून संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतात. त्याच्या पुढचं १७ आणि १८ कुणी पाठ करून घेत नाही, तिथं तो म्हणतो मी एकटा बसलो, माझं दुखणं बरंच होत नाही, आणि देवालाच विचारतो तू मला दगा देणाऱ्या ओढ्यासारखा होणार आहेस का, म्हणजे पावसाळ्यात भरून वाहणारा आणि गरज असते तेव्हा कोरडा. आनंद आणि ही तक्रार एकाच माणसाच्या तोंडी, एकाच दमात. तेव्हा कोरडेपणा आला म्हणजे नातं तुटलं असं धरून चालू नका.

आता मुद्द्याचं. बायबलमध्ये वचन ऐकून किंवा वाचून माणसं खरोखर खुश झाली असे प्रसंग शोधले तर तीन मला फार स्पष्ट दिसतात, आणि तिन्हीत गोष्ट एकाच क्रमानं घडते.

पहिला नहेम्या ८. बंदिवासातून परत आलेले लोक, सातव्या महिन्याचा पहिला दिवस, यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात सगळे जमलेत, एज्रा लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय. आणि लोक काय करतात, तर रडतात! मग त्यांना सांगितलं जातं की रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, ज्यांच्या घरी काही नाही त्यांना ताट पाठवा, परमेश्वराचा आनंद हाच तुमचा आश्रयदुर्ग आहे. हे दहावं वचन फ्रेम करून आपल्या निम्म्या घरांच्या भिंतीवर लावलेलं असतं. पण मला विचाराल तर बारावं जास्त महत्त्वाचं आहे, लोक खात पीत, वाटत, आनंद करत गेले, का, तर त्यांना सांगितलेली वचनं त्यांना समजली म्हणून. त्याच्या आधी आठव्या वचनात लेवी लोक, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, गर्दीत फिरून अर्थ समजावून सांगतायत. म्हणजे वाचन झालं, अर्थ कुणीतरी उलगडला, रडू आलं, आणि मग आनंद.

दुसरा लूक २४, अम्माऊसचा रस्ता. दोघं उतरलेल्या चेहऱ्यानं चाललेत, एक अनोळखी माणूस सोबत येतो आणि मोशेपासून सगळ्या संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगतो. रस्त्यात त्यांना आनंद झाला असं लूकनं कुठं लिहिलेलं नाही. घरी पोचल्यावर, भाकर मोडल्यावर, हा येशूच हे ओळखून तो दिसेनासा झाल्यावर ते एकमेकांना म्हणतात की अरे तो वाटेत बोलत होता तेव्हाच आपल्याला आतून उकळी फुटत होती की. चालताना त्यांना ते कळलंच नव्हतं. मला हे फार खरं वाटतं, वाचताना काय वाटतंय याच्यावर सतत बोट ठेवून बसलं तर काहीच वाटत नाही.

तिसरा प्रेषितांची कृत्ये ८, कांदके राणीचा खजिनदार. रथात बसून यशया वाचतोय, तेही मोठ्यानं, कारण फिलिप्प या सुवार्तिकाला ते धावता धावता ऐकू गेलं. कळतंय का विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं की कुणी समजावल्याशिवाय कसं कळणार. एवढा मोठा अधिकारी, पण कळत नाही म्हणायला लाजला नाही. फिलिप्प शेजारी बसला, तोच उतारा धरून बोलला, पुढं पाणी दिसलं, बाप्तिस्मा झाला, आणि अधिकारी आनंद करत आपल्या वाटेनं गेला.

तिन्हीकडं आधी मजकूर, तो समजणं, समजायला कुणीतरी सोबत, आणि आनंद सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो, भरपूर मजकूर, एकट्यानं, पटापट, आणि आनंद मात्र पहिल्याच पानावर पाहिजे.

तुमच्या प्लॅनचंच गणित बघा. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ११८९ अध्याय, ३६५ दिवसांना भागले तर रोज सव्वातीनच्या आसपास. उत्पत्ती ५० आणि निर्गम ४०, म्हणजे ९० अध्याय संपतात २८ जानेवारीच्या आसपास, आणि फेब्रुवारी लागतो तेव्हा तुम्ही लेवीयच्या शुद्ध-अशुद्धाच्या नियमांत. तुम्हीच नाही, हा प्लॅन घेतलेले सगळे तेव्हाच तिथंच असतात, आणि निर्गमचे शेवटचे अध्याय, निवासमंडपाची मापं आणि पडदे, तेही नुकतेच झालेले असतात, म्हणजे माणूस आधीच दमलेला. अशा प्लॅनचा एक जुना नमुना रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटिश पाळकानं १८४२ मध्ये आपल्या डंडीच्या मंडळीसाठी काढला, जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा, वर्षभरात. लोक तो प्लॅन अजून वापरतात, पण त्यानं सोबत धोके पण लिहिले होते ते कुणी वाचत नाही. नुसता उपचार होईल, वाचलं म्हणून स्वतःचं कौतुक वाटायला लागेल, निष्काळजीपणे वाचाल, किंवा काहींना ते न पेलणारं जू होईल, हे सगळं त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. तर प्लॅन वाईट नाही, पूर्ण बायबल एकदा तरी वाचून झालंच पाहिजे या मताची मी आहे, पण ते वाचन म्हणजे गावाचा नकाशा बघणं, आणि मनन म्हणजे त्या गावात राहणं. नकाशा तीन वर्षांत पूर्ण केलात तरी कुणी दंड करत नाही. रोजचा मुख्य वेळ एका छोट्या उताऱ्याला द्या.

आणि लेवीयला एवढं घाबरू नका. एकदा ग्रुपमध्ये लेवीय १९ वाचत होतो, ९ आणि १० वं वचन, पीक कापताना शेताचे कोनेकोपरे सोडा, सरवा, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेलं, वेचू नका, द्राक्षमळ्यात खाली पडलेली फळं उचलू नका, ती गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. तरुण पोरं मोबाईल चाळत होती. एक आजी, त्यांना वाचता येत नाही, नुसत्या ऐकत होत्या, त्या एकदम म्हणाल्या, आमच्या आईनं आम्हाला भुईमुगाच्या सरव्यावर वाढवलंय, शेंगा काढून झाल्यावर दुसऱ्याच्या रानात माती उकरत बसायची, काही मालक हाकलून द्यायचे. मग आम्ही तिथूनच रूथ २ काढलं, रूथ पण विधवा आणि उपरी, आणि ती सरवाच वेचायला गेली होती, आणि शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं खाली टाका, तिला वेचू द्या, धमकावू नका. म्हणजे लेवीयमधला तो कोरडा वाटणारा नियम बवाजानं पाळला, नुसता पाळला नाही तर नियमापेक्षा जास्त दिलं, म्हणून रूथ जगली, आणि तिच्याच वंशात दावीद आणि पुढं मत्तयाच्या पहिल्या पानावर येशू. आजी म्हणाल्या, म्हणजे देवाला सरवा माहीत आहे. त्यानंतर मोबाईल कुणी काढला नाही. हा आनंद प्लॅनच्या टिकमार्कमधून आला नसता.

आता मनन करायचं म्हणजे नक्की काय करायचं हे लोक विचारतात, कारण चर्चमध्ये 'मनन करा' एवढंच सांगतात, कसं ते कुणी दाखवत नाही. मी एक करून दाखवते. स्तोत्र १३१ घ्या. यरुशलेमेला वर चढून जाताना गायची जी १५ स्तोत्रं आहेत, १२० ते १३४, त्यातलं हे, फक्त तीन वचनांचं.

पहिल्यांदा मोठ्यानं वाचा. अगदी मोठ्यानं नाही, घरचे झोपलेत तर पुटपुटत, पण ओठ हलले पाहिजेत. डोळ्यांनी वाचताना आपण ओळी गाळतो, तोंडानं वाचताना गाळता येत नाही. आपल्याकडं ही सवय जुनीच आहे, फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये गोव्यात क्रिस्तपुराण छापलं तेच मुळी ओव्यांमध्ये, म्हणायला आणि ऐकायला. स्तोत्र दोनदा वाचून झालं की थांबा आणि नुसतं बघा काय लिहिलंय. पहिलं वचन, माझं मन गर्विष्ठ नाही, माझी नजर चढलेली नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही. दुसरं, मी माझा जीव शांत केला आहे, आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा. तिसरं, इस्राएला, परमेश्वराची आशा धर, आतापासून सर्वकाळ.

आता प्रश्न विचारा, साधे. दूध तुटलेलंच बाळ का? अंगावर पिणारं का नाही? पिणारं बाळ आईजवळ आलं की धडपडतं, त्याला दूध पाहिजे असतं, नाही मिळालं तर रडून घर डोक्यावर घेतं. दूध तुटलेलं बाळ आईच्या मांडीवर नुसतं बसतं, त्याला आई पाहिजे असते. पण ते तसं सहज झालेलं नसतं, आपल्याकडं कोरफडीचा कडू गर लावून दूध तोडायचे, बाळ रात्र रात्र रडायचं, आई पण रडायची. म्हणजे दुसऱ्या वचनातली ती शांतता रडून झाल्यानंतरची आहे. आणि 'मी शांत केला आहे' म्हणतो, आपोआप झाला असं म्हणत नाही.

इथपर्यंत आलं की मग स्वतःकडं वळवा. मी देवाजवळ येतो तेव्हा कुठल्या बाळासारखा येतो? तुमचा प्रश्नच घ्या ना, वाचायला बसलो की आनंद मिळाला पाहिजे, नाही मिळाला तर चिडचिड, संशय. आनंद मागण्यात चूक काही नाही, बाळानं दूध मागावंच. पण कधी कधी तो दूध देत नाही आणि मांडी देतो, आणि स्तोत्रकर्ता म्हणतो की त्यातही एक समाधान आहे. हे असं होऊ शकतं का, माझ्या बाबतीत झालंय का, आज कशासाठी मी रडारड करतोय, प्रमोशन, घराचा हप्ता, आईचं दुखणं, ते नाव घेऊन त्याला सांगा. बस, हीच प्रार्थना. आणि मग थोडा वेळ काही न बोलता बसा. दुसऱ्या दिवशी परत हेच स्तोत्र घ्या, नवीन नको. आठवडाभर हेच. तिसऱ्या चौथ्या दिवशी कंटाळा येतो, तो आला तरी उठू नका, बऱ्याचदा त्याच्या पलीकडंच काहीतरी दिसतं, जसं की पहिलं वचन दावीदाच्या नावावरचं आहे, राजाच्या, ज्याचा दिवसभर धंदाच मोठमोठ्या गोष्टींचा होता.

बाराव्या शतकात गुइगो नावाच्या एका कार्थुसियन मठवासीनं याचीच चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवलीय, वाचन, मनन, प्रार्थना आणि नुसतं त्याच्या सान्निध्यात राहणं. कॅथलिक लोक याला लेक्सिओ डिव्हिना म्हणतात, तुमच्या मिसेसना बहुतेक माहीत असेल. आपल्यातले काही जण नाव ऐकूनच बिचकतात, पण करून बघितलं तर आपल्या आज्या पहाटे चुलीपुढं बसून हेच करायच्या.

वेळेबद्दल. जॉर्ज म्युलर हे नाव तुम्ही अनाथाश्रम आणि प्रार्थनेच्या गोष्टींत ऐकलं असेल, ब्रिस्टलचे. त्यांनी १८४१ मध्ये लिहून ठेवलंय की आधी बरीच वर्षं ते सकाळी उठून आधी प्रार्थनेला बसायचे आणि पहिली दहा मिनिटं, पाव तास, कधी अर्धा तास मन नुसतं भटकत राहायचं. मग त्यांनी क्रम उलटा केला, आधी थोडं वचन, त्यावर विचार, आणि त्यातून आपोआप कबुली, उपकारस्तुती, दुसऱ्यांसाठी विनंती असं निघायला लागलं. दिवसाचं पहिलं काम म्हणजे आपला जीव प्रभूत आनंदी करणं, असं ते म्हणायचे, आणि हे म्हणणारा माणूस रिकामटेकडा नव्हता. मला आवडतो तो भाग वेगळाच आहे, हे सगळं ते नाश्त्याआधी चालता चालता करायचे, तब्येतीसाठी फिरायला जायचे तेव्हा मोठ्या टाईपचा नवा करार सोबत ठेवायचे. तर टेबल, दिवा, डायरी, कॉफी असा सेटअप जमला तरच मनन, असं काही नाही. कंपनीच्या बसमध्ये जागा मिळते ना, मग यूव्हर्जन या बायबलच्या अॅपवर उतारा काढून दोनदा वाचा, शक्य असेल तर ऑडिओ लावा, आणि मग फोन खिशात, हे महत्त्वाचं, फोन खिशात, आणि खिडकीबाहेर बघत तेच वचन घोळवत बसा. वाकडचं ट्रॅफिक आहेच मदतीला. फोन हातात राहिला की पाच मिनिटात तुम्ही रील्सवर असता, हे मी माझ्या पोरांकडं बघून सांगते. एक वचन कागदावर लिहून पाकिटात ठेवलं तर आणखी बरं.

आणि व्हॉट्सअॅपवर गुलाबाच्या फुलावर येणारी वचनं मनन म्हणून धरू नका, म्हणजे पाठवणाऱ्याचं प्रेम असतं, पण पोट भरत नाही. यिर्मया २९:११ बघा, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे परीक्षेच्या सीझनला किती वेळा येतं. हे एका पत्रातलं आहे, बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या. त्याच पत्रात वर लिहिलंय तिथंच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, आणि लगेच आधीच्या दहाव्या वचनात ७० वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जाणारच नव्हते. हे कळल्यावर ते वचन छोटं होतं असं मला वाटत नाही, उलट आता ते रिझल्टच्या दिवसापुरतं राहत नाही, नोकरी गेली, परगावी अडकलो, तरी टिकतं. तेव्हा नियम एकच, वचन आवडलं की त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळी वाचायच्याच.

भाषेचं म्हणाल तर लाजू नका. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र मला स्वतःला कानाला गोड लागतं कारण त्यातच वाढले, पण 'तद्वत' आणि 'यास्तव'वर अडखळत असाल तर सोप्या मराठीतलं घ्या, शेजारी इंग्लिश उघडं ठेवा, काही पाप नाही. साध्या बायकांना कळेल असं मराठी बायबल पाहिजे म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं भाषांतर केलं, १९२२ मध्ये त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यांनी एवढे कष्ट घेतले ते लोकांना समजावं म्हणून, तर आपण न समजणारी भाषा केवळ पवित्र वाटते म्हणून धरून बसण्यात काही अर्थ नाही. आणि हातात पेन्सिल ठेवा. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानं नवा करार दिला, ते तेव्हा ख्रिस्ती नव्हते, पुस्तक फारसं आवडलंही नव्हतं, पण वाचायचं तर पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायचं अशी त्यांची सवय, आणि मत्तय ५ ते ७, डोंगरावरचं प्रवचन आलं तिथं ते अडकले ते अडकलेच, १८९५ मध्ये बाप्तिस्मा. कवीच्या हातात पेन्सिल होती म्हणून पुढं आपल्याला ती भजनं मिळाली असं मी गमतीनं म्हणते. जे पटत नाही, जिथं राग येतो, तिथं पण खूण करा, प्रश्नचिन्ह टाका. न पटणाऱ्या जागा गुळगुळीत करून वाचल्या की पुस्तक मरतं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. फक्त बायबलच नाही तर काहीच बरं वाटत नसेल, झोप उडालेली, जेवण नको, क्रिकेट नको, मित्र नको, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तो कदाचित डिप्रेशनचा भाग असेल आणि त्यासाठी डॉक्टरकडं जा, जास्त वचन वाचून तो जाईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून आता मला मरू दे म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला प्रवचन देत नाही. भाजलेली भाकर, पाण्याचा चंबू, झोप, परत उठवून परत जेवण, आणि देवाशी बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. अशा काळात लांब वाचन सोडून द्या. स्तोत्र ८८ वाचलंत तरी चालेल, ते अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. किंवा दुसऱ्या कुणाला तुमच्याजवळ बसून वाचायला सांगा, तुम्ही नुसतं ऐका.

राहिला मिसेसचा विषय, जो तुम्हाला अडचण वाटतोय आणि मला तर तुमच्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण सोबत वाचणारं माणूस घरातच आहे. त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, आपल्यात ६६, तो फरक जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा, त्यावर वाद घालायला पुढं आयुष्य पडलंय. स्तोत्रं आणि शुभवर्तमानं दोघांची तीच आहेत. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल त्यांच्या माहेरी बहुतेक असेलच, तेच फादर जे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांचं मराठी तुम्हाला जड जाणार नाही. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात ठरलेली असतात, एक वर्ष मुख्यतः मत्तय, एक मार्क, एक लूक, तर येत्या रविवारचं शुभवर्तमान कोणतं ते त्यांना विचारा आणि शनिवारी रात्री जेवणानंतर तेवढंच दोघं मिळून वाचा. त्या त्यांच्या पुस्तकातून वाचतील, तुम्ही तुमच्या. शिकवायचं नाही, तुम्ही त्यांना नाही आणि त्यांनी तुम्हाला नाही. प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची जी आधी कधी दिसली नव्हती, आणि एक प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर येत नाही. मार्क ४ मधलं वादळ आलं तर बघा, येशू नावेच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, ही उशी फक्त मार्कनं सांगितलीय, मत्तय लूकमध्ये नाही, आणि शिष्य त्याला उठवतात ते जवळजवळ भांडतच, आम्ही मरतोय याची तुला काहीच फिकीर नाही का. नवरा बायकोला या एका वाक्यावर बोलायला रात्र पुरणार नाही.

पहिल्या शनिवारी लूक २४:१३ ते ३५ घ्या, अम्माऊस. मध्ये कंटाळा आला तर सरळ बोलून दाखवा. आणि एक जानेवारीची वाट बघू नका, उद्याच बसमध्ये स्तोत्र १३१ पासून सुरू करा.